पेट्रोल लय पेते

मागच्या वर्षी आखाडीच्या आदल्या दिवशी गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या आमच्या घरासमोर मी एक जुनी जिप्सी आणून उभी केली. शेजारचे काकाजी आले, गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या चाकाला चपलेच्या टोकाने ठोकलं आणि म्हणाले, "पेट्रोलची होय का जी?"

"हो."

"लय पेते बापा," एवढं बोलून ते पानठेल्याकडे वळले. किती सालची, कितीला घेतली, काही विचारलं नाही. गाडीचा निकाल लागला होता.

हे वाक्य मी चड्डीत होतो तेव्हापासून ऐकतो आहे. माझे वडील तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराकडे मुंशी होते. 1969 च्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारने हातात घेतला, तरी जंगलातून पानं उचलून नेणारा ठेकेदार राहिलाच, आणि त्याची जीपही राहिली. मे महिन्याच्या उन्हात बाबा त्या जीपमधून फळीवर जायचे. पुडके मोजायचे, मजुरी चुकती करायची, रात्री कंदिलाच्या उजेडात लाल कपड्याच्या वहीत हिशेब उतरवायचे. मजुरीच्या खालोखाल मोठा आकडा कशाचा, तर 'गाडी पेट्रोल'. शेठजी वहीवर नजर टाकायचे आणि तेच बोलायचे, फक्त हिंदीत.

पुढे मीही शेठजींच्याच राईस मिलमध्ये मुनीम झालो आणि पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचं पेट्रोल-डिझेल लिहिलं. निवृत्तीनंतर हातात पैसा आला तेव्हा स्वतःच्या नावाने तोच खर्च करावासा का वाटला, हे माझ्या घरच्यांना अजून कळलेलं नाही. बांधीपर्यंत जाणारी पांदण आषाढात गुडघाभर चिखलाची होते, हे कारण मी सांगतो. ते खरंही आहे. पण पुरतं नाही.

शेठजींची जीप डावीकडून चालवायची होती. स्टिअरिंग डाव्या हाताला, कारण ती मुळात अमेरिकन फौजेची. गोंदियात अशा गाडीला नुसतं 'डिस्पोजल' म्हणत. "डिस्पोजल आली का?" म्हणजे शेठजी आले का. लहानपणी मला वाटे, डिस्पोजल हे गाडीच्या कंपनीचं नाव असावं.

जीपचा जन्म 1940 चा. युद्ध तोंडावर आलेलं, आणि अमेरिकन सैन्याला घोडा आणि मोटारसायकल या दोन्हींच्या जागी एक हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती, तीही काही आठवड्यांत. पहिला नमुना बँटम या लहानशा कारखान्याने करून दिला. मोठं काम मात्र विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे गेलं. विलीजचा अभियंता बार्नी रूस याने एक जुनंच इंजिन घासूनपुसून साठ अश्वशक्तीपर्यंत चढवलं होतं. त्याला 'गो डेव्हिल' म्हणत, आणि आकार साधारण 2.2 लिटर. पेट्रोलवर चालणारं, दणकट आणि भलतंच तहानलेलं. दोन्ही कारखान्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या. युद्धात पेट्रोलचा हिशेब कोण विचारतो? हिशेब लागला तो नंतर, आणि तो आमच्यासारख्यांच्या वाट्याला आला.

त्याच युद्धाने आमच्या भागाला बिरसीची धावपट्टी दिली. इंग्रजांनी विमानांसाठी बांधली, युद्ध संपलं, पट्टी उरली. तशाच जीपा उरल्या. आसाम, बंगाल, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आणलेला ढीगभर अमेरिकन माल परत नेणं परवडणारं नव्हतं, म्हणून तो इथेच निकाली काढला गेला. सरकारने त्यासाठी डिस्पोजलचं वेगळं खातंच उघडलं होतं. तंबू, बूट, कंबलं, जनरेटर आणि जीपा. म्हणजे या देशात जीप आली तीच वापरलेली आली. कोऱ्या मालाची दुकानं नंतर उघडली.

दुकानाची गोष्टही तितकीच मजेची आहे. 2 ऑक्टोबर 1945 ला महिंद्रा अँड मोहम्मद नावाची कंपनी निघाली. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे दोघे महिंद्रा बंधू, आणि तिसरे भागीदार गुलाम मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे 1948 मध्ये पाटीवरचं 'मोहम्मद' पुसून पुन्हा 'महिंद्रा' लिहिलं. एम अँड एम तेच राहिलं, त्यामुळे शिक्के बदलावे लागले नसतील, असा माझा मुनीमी अंदाज. कैलाशचंद्र युद्धकाळात अमेरिकेत होते आणि तिथेच त्यांची बार्नी रूसशी गाठ पडली होती. ऑक्टोबर 1947 मध्ये 75 जीपांचे सुटे भाग बोटीने आले. 1949 मध्ये माझगावच्या जागेत जोडणी सुरू झाली.

आणि त्याच सुमाराला आपल्या सरकारनेही जुन्या जीपा घेतल्या. हे मी प्रत्येक जुनी गाडी घेणाऱ्याला सांगतो, त्याचं मन हलकं व्हावं म्हणून. 1948 मध्ये फौजेला जीपांची तातडीची गरज होती. लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी 2000 वापरलेल्या, दुरुस्त केलेल्या जीपांचा करार केला आणि बरीचशी रक्कम आधीच देऊन टाकली. बंदरात उतरल्या 155. त्याही फौजेने पाहिल्या आणि घ्यायला नकार दिला. अनंतशयनम अय्यंगारांच्या समितीने चौकशी केली, संसदेत गदारोळ झाला, आणि 30 सप्टेंबर 1955 ला गृहमंत्री गोविंद वल्लभ पंतांनी प्रकरण बंद झाल्याचं जाहीर केलं. स्वतंत्र भारताचा पहिला घोटाळा म्हणून लोक त्याची आठवण काढतात. मला त्यात एवढंच दिसतं, की बोनेट उघडून न बघता बयाणा द्यायचा नसतो. उच्चायुक्त असला तरी.

1953 मध्ये विलीजने सीजे-3बी काढली. इंजिनाचा आकार तोच, पण आत येणाऱ्या वायूचे व्हॉल्व्ह वर नेले आणि बाहेर जाणाऱ्याचे बाजूला ठेवले. ताकद वाढली, पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बोनेटखाली मावेना. म्हणून बोनेटच उंचावलं. मिस्त्री लोक आजही 'लो बोनेट' आणि 'हाय बोनेट' अशाच दोन जाती मानतात. अमेरिकेत हाय बोनेट काही वर्षांत मागे पडली. आपल्याकडे तोच साचा पुढची कित्येक दशकं चालला. 2 ऑक्टोबर 1952 ला समुदाय विकास योजना सुरू झाली, तालुक्यातालुक्यात बीडीओ आले आणि बीडीओ म्हणजे जीप हे समीकरण पक्कं झालं. जंगल खातं, पाटबंधारे, पोलीस, मलेरिया निर्मूलन, सगळीकडे तीच. गावात जीप आली की पोरं मागे धावत आणि मोठी माणसं घरात जात.

या सरकारी जीपा पुढे गावात कशा आल्या, तर 'निर्लेखन' होऊन. हा शब्द मला फार आवडतो. गाडी मोडली म्हणायचं नाही, म्हातारी झाली म्हणायचं नाही. वहीतून तिचं नाव खोडलं गेलं, एवढंच. मग लिलाव, आणि लिलावात ठेकेदार, मिलवाले, भंगारवाले. लोहारा-सुताराच्या अकलेने ती गाडी आणखी वीस वर्षं चालायची.

1973 च्या अखेरीस अरब देशांनी तेलाची मूठ आवळली आणि पेट्रोलचे भाव असे चढले की बाबांच्या वहीतला तो आकडा मजुरीच्या पंगतीला येऊन बसला. त्यानंतरची काही वर्षं म्हणजे पेट्रोलच्या जीपांचा काळा काळ. लोक इंजिनच उपटून काढू लागले. कुठून कुठून जुनी डिझेल इंजिनं आणायची, वेल्डिंग मारून माउंटिंग बसवायचं, गिअरबॉक्सशी जोडणी जमवायची. 1979 मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोशी डिझेल इंजिनाचा करार केला, इगतपुरीत ते इंजिन बनू लागलं, आणि कारखान्यातूनच जीप धडधडत बाहेर येऊ लागली. पुढे आमच्या रस्त्यांवर ज्या काळी-पिवळी गाड्या माणसं टपावर बसवून धावल्या, त्या सगळ्या डिझेलच्या.

शेठजींच्या डिस्पोजलचंही इंजिन बदललं. मी तेव्हा सातवीत होतो. जुनं इंजिन चेनपुलीने उचलून मिलच्या मागे मोहाच्या झाडाखाली ठेवलं, ते तिथेच राहिलं. पावसाळे गेले, त्याच्यावर मोहफुलं वाळत घातली जायची, कोंबड्या बसायच्या. पुढे मी त्याच मिलमध्ये लागलो आणि एका दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिलं. पावती माझ्याच हाताने फाडली. त्यानंतर सहा-सात वर्षांनी नागपूरहून दोन तरुण आले, मोठ्या गाडीतून. त्यांच्याकडे एक लो बोनेट होती, तिला तिचं मूळ पेट्रोल इंजिन हवं होतं. "काका, फक्त ब्लॉक असला तरी चालेल," म्हणाले, आणि जो आकडा बोलले तो ऐकून मी मोहाच्या झाडाकडे बघायचं टाळलं.

जबलपूरचं एक प्रकरण इथेच सांगून टाकतो. गोंदियाहून जबलपूरला तेव्हा छोटी लाईन होती. सातपुडा चढणारी ती नॅरोगेज दिवसच्या दिवस खायची. त्या गाडीने मी शेठजींच्या मुलाबरोबर फौजेच्या लिलावाला गेलो होतो, जोंगा बघायला. जोंगा हे नावच जबलपूरच्या कारखान्यावरून पडलेलं, 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' याची आद्याक्षरं. निसानचा परवाना घेऊन 1969 पासून ही गाडी तिथे बनत होती. सहा सिलिंडर, 3956 सीसी, पेट्रोल. मैदानात रांगेने उभ्या जोंगा, काचांवर खडूने लॉट नंबर. 'जशी आहे, जिथे आहे' या अटीवर विक्री. चालू करून बघायची मुभा नाही. लोक वाकून तेलाचे डाग बघत, टायरांवर हात फिरवत, हुडावर टिचकी मारत. आम्ही एक घेतली. ती गोंदियापर्यंत रस्त्याने आणताना वाटेत पेट्रोलसाठी किती वेळा थांबलो ते माझ्या वहीत होतं. लिटरला चार किलोमीटरही धड नाही. शेठजींच्या मुलाने वर्षभरात ती एका शौकिनाला विकली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. तो शौकीन आता बहुधा सुटकेचा निःश्वास टाकायला दुसरा शौकीन शोधत असेल.

मारुतीची जिप्सी आली ती डिझेलच्या लाटेनंतर, डिसेंबर 1985 मध्ये. पेट्रोल पुन्हा आलं, पण अंगाने हलकं होऊन. इंजिन जेमतेम 970 सीसी, गाडी टनाच्या आत-बाहेर. जीपवाले हसले होते, "खेळणं आहे." पण चिखलात हलकं असणं हीच मोठी ताकद असते, हे रोवणीला उतरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जड म्हैस रुतते, शेळी निघून जाते. 1991 पासून फौजेने जिप्सी घ्यायला सुरुवात केली. 1996 मध्ये 1298 सीसीची 'किंग' आली, 2000 मध्ये कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं. बाकी गाडी तीच, मागेपुढे कमानपाटे, बसलं की कंबर हिशेब मागते. जंगलांनी मात्र तिला आपलं मानलं. नागझिऱ्याला चोरखमारा किंवा पिटेझरीच्या गेटवर पहाटे उभे राहा, पर्यटक "जिप्सी कुठाय?" असंच विचारतात. इंजिनाचा आवाज कमी, वर छत नाही, आणखी काय पाहिजे? (नवेगावबांधला 'मारुती' म्हटलं की आम्हाला आधी जंगलांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली आठवतात, गाडी नंतर.) 2017 मध्ये फौजेने सफारी स्टॉर्म घ्यायचा करार केला, 2019 च्या आसपास जिप्सी शोरूममधून गेली, आणि त्या दिवसापासून जुन्या जिप्सीचा भाव चढायला लागला.

जुनी जिप्सी शोधायला निघालो तेव्हा माझं अंदाजपत्रक अडीच लाखांचं, त्यातच दुरुस्ती आणि कागद. 2023 च्या जूनमध्ये जिमनी बाजारात आली ती पावणेतेरा लाखांपासून पुढे, तेव्हा नवीन गाडीचा विषय घरात निघालाच नाही. सोबत गोंदियातला एक मिस्त्री घेतला. तो वयाने माझ्या मुलाएवढा, मला काकाजी म्हणतो, आणि कुठल्याही गाडीबद्दल चांगलं बोलत नाही. गाडी बघायला न्यायचा माणूस असाच असावा.

पहिली नागपुरात पाहिली. लखलखीत रंग, रुंद टायर, पुढे वेटोळं घातलेली विंच. लिव्हर 'फोर-एच'वर टाकलं की सुबक आवाज व्हायचा. मिस्त्री चटईवर आडवा होऊन खाली सरकला आणि तिथूनच हसायला लागला. पुढच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्टच काढून टाकलेला. लिव्हर होतं, त्याला विचारणारं कोणी नव्हतं. विकणारा म्हणाला, "पेट्रोल वाचते ना त्याने." मी लहानपणापासूनच्या त्या वाक्याला मनात नमस्कार केला.

दुसरी बालाघाटकडची, एमपी 50. कान्हाच्या बाजूला पर्यटकांना फिरवलेली. इंजिन गोड. पण मागच्या चाकामागे चेसिसवर मिस्त्रीने पेचकस टेकवला तर तो आत गेला. पत्र्याखालची जागा गंजून बिस्किट झालेली, वरून डांबर फासून झाकलेली. शिवाय तिकडच्या आरटीओची एनओसी, फॉर्म 28, टॅक्सीची खासगी करणं, इकडे पुन्हा रोड टॅक्स. कागदांचा खर्च मांडला तर गाडीच्या पाव किमतीएवढा झाला. मुनीम असण्याचा हा एक फायदा, मोह वहीत उतरवला की ओसरतो.

तिसरी आमगावच्या एका गृहस्थांकडे. 1998 ची किंग, कार्बोरेटरवाली, फौजेतून लिलावात निघालेली, 2009 मध्ये एमएच 35 नंबर पडलेला. पांढरा रंग, पण दाराच्या सांध्यात नख घातलं की खालचा हिरवा दिसतो. लिलावाचं विक्रीपत्र त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. ते बघूनच माझं अर्धं मन झालं, कारण फौजेच्या गाडीचा तो कागद नसला तर पुढचा कुठलाच कागद खरा धरता येत नाही. पासिंगचं नूतनीकरण एक वर्षापूर्वीच करून घेतलेलं. 2022 च्या एप्रिलपर्यंत त्याला 600 रुपये लागायचे, मग 5000 झाले. तो खर्च त्यांनी सोसलेला, म्हणून मी भाव करताना त्याचा उल्लेख टाळला.

मिस्त्रीने गाडी डांबरी रस्त्यावर तपासू दिली नाही. चारही चाकांना एकच जोर लावून डांबरावर वळवलं तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधे तो फरक जिरवायला काही नसतं, आणि सगळा ताण गिअरांवर येतो. त्याने ती सरळ पाणी भरलेल्या बांधीत घातली. आधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांवरचे हब फिरवले. उजवा अडकलेला होता, त्यावर पाना ठोकून दोन हजार कमी करून घेतले. मग लोअर टाकला. गाडी थोडी थरथरली, पुढचं चाक रिकामं फिरलं, चिखल आमच्या अंगावर आला, आणि ती अगदी सावकाश, म्हातारीने उंबरठा ओलांडावा तशी धुऱ्यावर चढली. मिस्त्री बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काकाजी, पाटे बदलावे लागतील." त्याच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती निघत नाही.

एक लाख नव्वद हजार गाडीला, पाटे, हब, टायर, नळ्या आणि नावावर करणं मिळून आणखी सेहेचाळीस. अंदाजपत्रकातले चौदा हजार शिल्लक. ते पेट्रोलसाठी, असं मी घरी सांगितलं आणि विषय बदलला.

आता डॅशबोर्डवर एक वही असते. तारीख, लिटर, किलोमीटर, कुठे गेलो. चांगल्या रस्त्याने दहा पडतात, पांदणीत आठ. बाबांच्या वहीत शीर्षक 'गाडी पेट्रोल' असायचं, मीही तेच लिहिलं आहे. गेल्या पोळ्याच्या सुमारास तीन दिवस झड लागली होती, तेव्हा शेजारच्या काकाजींना बांधीकडे पाणी बघायला घेऊन गेलो. जाताना ते एका हाताने वरचा दांडा धरून बसले होते, बोलले काहीच नाही. परत आल्यावर उतरले, चपलांचा चिखल दगडावर घासला, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "इकाची असन त पयले मले सांगजा जी."